जुहूचे मैदान आणि पावसाचे चार महिने

जुहू विमानतळाचा इतिहास लिहायला बसणारा प्रत्येक जण १५ ऑक्टोबर १९३२ या तारखेवर येऊन थांबतो. त्या शनिवारी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोहोचले. भारतीय कंपनीने चालवलेल्या नियमित हवाई टपालसेवेचा तो पहिला दिवस. ही हकीकत शाळेच्या पुस्तकांपासून टपाल तिकिटांपर्यंत सगळीकडे आहे, तेव्हा इथेही ती टाळता येणार नाहीच. फक्त एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : १५ ऑक्टोबरच का?

बेत सप्टेंबरचा होता. सरकारशी करार एप्रिलमध्येच झाला होता, विमाने आली होती, वैमानिक तयार होते. तयार नव्हते ते जुहूचे मैदान. त्या वर्षी पाऊस लांबला आणि मैदान चिखलातून बाहेर यायला तयार होईना, म्हणून मुहूर्त महिनाभर पुढे गेला. हवामान खात्याच्या आजच्या सरासरी हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परततो तो ८ ऑक्टोबरच्या आसपास. त्यानंतर मैदान वाळायला आठवडाभर धरला तर तारीख बरोबर जुळते. देशाच्या हवाई वाहतुकीचा वाढदिवस जुहूच्या चिखलाने ठरवला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पुढच्या नव्वद-पंचाण्णव वर्षांतही या जागेबद्दलचे बरेच मोठे निर्णय पाण्याने आणि वाऱ्याने घेतले. माणसांनी कागदावर सह्या केल्या, त्या बहुधा नंतर.

जागा मुळातच तशी होती. जुहू हे एकेकाळी साष्टीच्या पश्चिम अंगाला लागून असलेले वाळूचे चिंचोळे बेट. ओहोटीला विलेपार्ल्याकडून पाण्यातून चालत जाता येई, भरतीला वाट बंद. बेटावर कोळी, भंडारी, थोडी ख्रिस्ती वस्ती आणि माडांच्या वाड्या. बेट आणि पार्ले यांच्या मधला सखल, खारट, भरतीच्या पाण्याने भिजणारा पट्टा कोणाच्या फारसा उपयोगाचा नव्हता. तोच पुढे विमानतळ झाला. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जुहूला जमीन घेऊन बंगला बांधला होता आणि इथे एकेक एकराचे प्लॉट पाडून वसाहत करण्याचा त्यांचा बेत होता. १९०४ मध्ये ते गेले आणि योजना कागदावर राहिली. ती वसाहत झाली असती तर विमानाला मुंबईत दुसरीकडे जागा शोधावी लागली असती. त्यांच्याच घराण्यातला पुढच्या पिढीचा माणूस अठ्ठावीस वर्षांनी इथे विमान घेऊन उतरला, ते या न झालेल्या वसाहतीमुळे.

१९२७ मध्ये सरकारने नागरी हवाई वाहतुकीचे खाते सुरू केले आणि पाठोपाठ अनुदान देऊन फ्लाइंग क्लब काढायचे ठरवले. दिल्ली, कलकत्ता, कराची आणि मुंबई ही पहिली ठिकाणे. मुंबईचा क्लब १९२८ मध्ये जुहूच्या या मैदानावर उभा राहिला आणि त्याच वर्षापासून विमानतळाचे वय मोजतात. देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून जुहूचे नाव घेतात, ते या हिशेबाने. क्लबकडे मॉथ जातीची दोन पंखांची, कापड ताणलेली छोटी विमाने होती. विद्यार्थ्यांमध्ये हौशी, श्रीमंत, थोडे धाडसी लोक. त्यांतल्या चोवीस वर्षांच्या जे.आर.डीं.नी शिक्षकाबरोबर पावणेचार तास उडून झाल्यावर एकट्याने विमान नेले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. पावणेचार तास हा आकडा आजच्या प्रशिक्षणार्थींना सांगितला की ते आधी हसतात आणि मग आपल्या लॉगबुकाकडे पाहतात.

त्या काळच्या जुहूला धावपट्टी नव्हती. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि समोर सपाट मैदान. आपल्याला हे गरिबीचे लक्षण वाटते, पण हलक्या विमानाच्या वैमानिकासाठी त्यात एक मोठी सोय होती. विमान उडते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. वारा समोरून आला तर तेवढा वेग फुकटात मिळतो, कमी अंतरात उडता येते, कमी अंतरात थांबता येते. मोकळ्या मैदानावर वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उडता येई. आडव्या वाऱ्याशी झगडण्याचा प्रश्नच नव्हता.

जुहूला वारा जिकडून येतो त्याचे वेळापत्रकही ठरलेले आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, त्याचे प्रात्यक्षिक इथे रोज होते. पावसाळा संपल्यानंतरच्या महिन्यांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, पूर्वेचा, ईशान्येचा, मंद. सकाळ चढते तशी जमीन तापते, अकरा-बाराच्या सुमारास मोजा एकदम मरगळून खाली पडतो आणि थोड्याच वेळात उलटा फिरतो. मग संध्याकाळपर्यंत पश्चिमेचा, वायव्येचा खारा वारा. पावसाळ्यात हा खेळ बंद होतो. तेव्हा वारा नैऋत्येचा आणि पश्चिमेचा, दिवसरात्र, झोत आणि सरींसकट. कोळी हे वारे ओळखून होड्या लोटतात आणि वैमानिकांनाही मैदानावरच्या पहिल्या काही आठवड्यांत याहून वेगळे काही शिकायचे नसते.

पुढे पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि मैदानाची ही मोकळीक गेली. धावपट्टी म्हणजे दोनच दिशा, वाऱ्याला मान्य असोत वा नसोत. त्यावरचा तोडगा म्हणजे दुसऱ्या दिशेची आणखी एक पट्टी. जुहूला म्हणून दोन आहेत. मुख्य ०८/२६, म्हणजे एका टोकाकडून ८० अंशांच्या रोखाने आणि दुसऱ्या टोकाकडून २६० अंशांच्या, जवळजवळ पूर्व-पश्चिम. लांबी साधारण साडेअकराशे मीटर. आणि तिला छेदून जाणारी, बरीच आखूड १६/३४. सकाळी मतलईवर ०८, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर २६, आणि जोरदार वायव्येला ३४ कामी येई. या चार आकड्यांमध्ये मुंबईच्या किनाऱ्याचे वारे लिहून ठेवले आहेत.

१९३२ च्या टपालसेवेकडे परत येऊ, कारण तिची खरी गोष्ट पहिल्या दिवसानंतर सुरू होते. कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश वायुदल वैमानिकाची. इम्पीरियल एअरवेजचे विमान लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणत असे; ते पुढे मुंबई आणि मद्रासला न्यायचे. टाटांनी दोन लाख रुपये घातले, सरकारने अनुदान दिले नाही. सामग्री म्हणजे दोन पुस मॉथ विमाने, एका इंजिनाची, आणि व्हिन्सेंट, जे.आर.डी. व होमी भरूचा हे वैमानिक. रेडिओ नाही, जमिनीवर दिशादर्शक खुणा नाहीत. पहिल्या दिवशी अहमदाबादला विमानाचे इंधन बैलगाडीतून आले. जुहूहून पुढचा टप्पा व्हिन्सेंटनी उडवला, बेल्लारीला मुक्काम करून मद्रासला. टपालाचे वजन होते सुमारे पंचवीस किलो.

मग जून आला. मैदान पाण्याखाली गेले. नुसते ओले होणे वेगळे. इथे भरतीचे पाणी एकीकडून आणि पावसाचे दुसरीकडून येई आणि विमान उतरवण्याची जागाच उरत नसे. टाटांनी सोपा मार्ग धरला : बिऱ्हाड हलवले. दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक, एवढी अख्खी विमान कंपनी गोळा करून पुण्याला गेली आणि पावसाळाभर येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल चालू राहिले. तुरुंगाच्या छायेत आपल्याला मैदान मिळाले, ते साजेसेच होते, असे जे.आर.डी. नंतर गमतीने सांगत. पाऊस गेला की बिऱ्हाड परत जुहूला.

माझ्या मते जुहूच्या इतिहासातले सर्वांत मोठे कर्तृत्व पहिल्या उड्डाणात नसून या दरवर्षीच्या ये-जा करण्यात आहे. एक दिवस उडून दाखवणे धाडसाचे काम. वर्षभर, घाटावरच्या ढगांतून, ठरल्या वेळी टपाल पोहोचवणे हे व्यवस्थेचे काम. १९३३-३४ च्या सरकारी अहवालात टाटांच्या सेवेने शंभर टक्के वक्तशीरपणा राखल्याची नोंद झाली, अगदी मोसमी पाऊस कोसळत असतानाही. पुणे सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. तिथे मैदान बुडत नाही, पण सह्याद्री ओलांडताना डोंगर ढगांत असतो. पुस मॉथसारख्या विमानात, होकायंत्र आणि घड्याळ यांवर, हे दर आठवड्याला करणाऱ्यांची नावे थोडी तरी टिकली. विमाने रात्री उघडून, पुसून, पहाटे पुन्हा जुळवणाऱ्या त्या तीन मेकॅनिकांची नावे मात्र स्मरणिकांमध्ये येत नाहीत. पहिल्या वर्षी साठ हजार रुपये नफा झाला, तो त्यांच्याही हातांनी झाला होता.

त्यानंतर जुहूचा विस्तार वेगाने झाला. १९३५ मध्ये गोवा, कन्नूरमार्गे तिरुवनंतपुरम, नोव्हेंबर १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्ली. १९३८ मध्ये कंपनी टाटा एअर लाइन्स झाली, युद्धानंतर १९४६ मध्ये एअर इंडिया. युद्धकाळातही मुंबईचा विमानतळ म्हणजे जुहूच होता. पण युद्धाने विमाने मोठी आणि जड करून ठेवली होती. ब्रिटिश वायुदलाने पूर्वेला दोनेक किलोमीटरवर, सांताक्रूझच्या उंच आणि प्रशस्त जागेवर, मोठा तळ बांधला. १९४८ मध्ये नागरी वाहतूक तिकडे गेली. जुहूला हरकत घेण्यासारखे काही नव्हते. साडेअकराशे मीटरच्या पलीकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पार्ले-सांताक्रूझची वाढती वस्ती. लांबी वाढवायला जागाच उरलेली नव्हती.

इथे एक तिढा राहून गेला. दोन विमानतळ, मध्ये दोन किलोमीटर, आणि दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने. जुहूची ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७. फरक फक्त दहाएक अंशांचा. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला सांताक्रूझच्या आधी जुहू दिसतो. खिडकीतून धावपट्टी दिसली, रोख बरोबर आहे, हवा धुरकट आहे, लांबी नीट कळत नाही.

१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट जेट असेच जुहूला उतरले. कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट, त्या काळातल्या आधुनिकतेचा कळस, आणि ते फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांशेजारी येऊन उभे राहिले. जुहूतली मुले-माणसे ते बघायला गेली असणार, यात मला शंका नाही. ते थांबू शकले आणि काही दिवसांनी उडवून परतही नेले गेले, हेच नशीब.

२४ सप्टेंबर १९७२ च्या पहाटेनंतर मात्र तसे झाले नाही. जपान एअरलाइन्सचे डीसी-८, लंडनहून अनेक थांबे घेत टोकियोला निघालेले, सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. डीसी-८ ला ही पट्टी पुरण्याचा प्रश्नच नव्हता. विमान धावपट्टी ओलांडून पलीकडे जाऊन अडकले. कोणाचा जीव गेला नाही, पण विमान पुन्हा उडाले नाही. लोकांना हा प्रसंग वैमानिकाच्या वेंधळेपणाचा वाटतो. सप्टेंबरअखेरची सकाळ डोळ्यांसमोर आणली की मत थोडे मवाळ होते : पाऊस ओसरलेला, जमीन ओली, हवेत बाष्प, सूर्य पूर्वेला आणि पूर्वेकडेच तोंड करून उतरायचे. अशा उजेडात आधी दिसणारी पट्टी हीच आपली असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आज उपकरणे धावपट्टी दाखवतात, त्यामुळे ही चूक जवळजवळ अशक्य झाली आहे.

सांताक्रूझ मोठा झाला आणि जुहू फ्लाइंग क्लब आणि थोड्या खासगी विमानांपुरता उरला. कदाचित तो तसाच संपलाही असता. त्याला वाचवले ते समुद्रातल्या तेलाने. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि समुद्राच्या मध्यावर माणसे राहू लागली. त्यांना न्यायचे-आणायचे कसे? बोटीने अख्खा दिवस जातो आणि पावसाळ्यात तोही भरवसा नाही. हेलिकॉप्टरला लांब धावपट्टी नको, किनाऱ्यालगतचा तळ हवा, शहराच्या जवळ, समुद्राकडे थेट रस्ता असलेला. ज्या जागेची आखूड लांबी आणि समुद्राला चिकटून असणे हे इतकी वर्षे दोष ठरले होते, तीच जागा आता अचूक बसली. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी (तारीख पुन्हा तीच) हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, पुढे तिचे नाव पवन हंस झाले. तिच्यासाठी २१ वेस्टलँड ३० आणि २७ डॉफिन हेलिकॉप्टरे घेण्यात आली. वेस्टलँड फार दिवस टिकली नाहीत. डॉफिनने मात्र दशकानुदशके जुहू ते मुंबई हाय हा रस्ता झिजवला.

जुहूचे रोजचे काम आजही हेच आहे. तेल कंपनीचे लोक पाठीवर बॅग घेऊन सकाळी येतात, वजन करतात (आपले आणि बॅगेचे, दोन्ही), सुरक्षेची माहिती ऐकतात, पट्टे आवळतात आणि समुद्राकडे निघतात. दोन आठवड्यांनी परत. शहरातल्या कुणाला त्यांची फारशी जाणीव नसते. चौपाटीवर भेळ खाणाऱ्याला डोक्यावरून जाणारा आवाज ऐकू येतो, इतकेच.

या कामाचा मालक हवामान आहे. जुहू दृश्य उड्डाणांचा विमानतळ आहे : सूर्योदय ते सूर्यास्त, आणि वैमानिकाला समोरचे डोळ्यांनी दिसले पाहिजे. साधा नियम असा की दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ १,५०० फुटांवर हवा. याखाली गेले तर टॉवरकडून खास परवानगी घेऊन, आखून दिलेल्या वाटेनेच जावे लागते, कारण वरचे सगळे आकाश सांताक्रूझचे. शेजारच्या विमानतळावर दर मिनिटा-दोन मिनिटांनी विमान चढते-उतरते. हेलिकॉप्टरने त्याच्या खालून, किनाऱ्याच्या बाहेरून, शिस्तीत सटकायचे.

वर्षाचे चक्र साधारण असे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी पाऊस नसतो, वाराही नसतो, आणि हीच अडचण. रात्री जमीन थंड पडते, वरची हवा उबदार राहते, धूर आणि धूळ खाली अडकते. सूर्य चढून हे झाकण उघडेपर्यंत टॉवरवरून पार्ल्याच्या इमारती दिसत नाहीत. अलीकडच्या काही हिवाळ्यांत मुंबईची हवा ज्या थराला गेली ते पाहता हे तास वाढलेच आहेत. मार्च ते मेमध्ये दुपारचा खारा वारा जोरात असतो, दृश्यमानता चांगली. वैमानिक या दिवसांबद्दल फारसे बोलत नाहीत, म्हणजे ते बरे जात असावेत. मेच्या शेवटी अरबी समुद्रात कमी दाबाची बातमी येऊ लागते. जूनमध्ये पहिली सर येते. मग ढगांचा तळ काहीशे फुटांवर येतो, समुद्रावरून सरी किनाऱ्याकडे सरकतात आणि दहा मिनिटांत क्षितिज पुसून टाकतात. दोन सरींच्या मध्ये उघडीप मिळते ती पकडायची. रिगवरून 'इकडे स्वच्छ आहे' आणि जुहूवरून 'इकडे बंद आहे', किंवा नेमके उलट, हे संभाषण पावसाळ्यात रोजचे. उड्डाण रद्द करणे हा तिथे पराभव मानला जात नाही, निदान मानला जाऊ नये.

कारण या रस्त्याने किंमतही वसूल केली आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले डॉफिन डहाणूच्या समुद्रात कोसळले. तेल कंपनीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी एस-७६ जातीचे हेलिकॉप्टर सागर किरण रिगजवळ पाण्यात उतरले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. अशा वेळी हेलिकॉप्टरच्या पोटाशी असलेले फुगे उघडतात, तरी खवळलेल्या समुद्रात उलटे होण्याचा धोका असतोच. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या टाकीत, उलट्या झालेल्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ज्यांनी ते घेतले आहे ते जुहूच्या प्रतीक्षागृहात जरा कमी बोलतात.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबईचे हवामान एकच असते असे समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत. सांताक्रूझचा विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. जुहूची जमीन समुद्राच्या सरासरी पातळीपासून चारच मीटर उंच, आजूबाजूच्या उपनगरांचे पाणी इर्ल्याच्या नाल्याने याच भागातून समुद्राला जाते आणि भरतीच्या वेळी नाल्याला बाहेर पडायला तोंड उरत नाही. १९३३ मध्ये टाटांचे बिऱ्हाड ज्या पाण्याने पुण्याला घालवले ते पाणी गेलेले नव्हते, फक्त गटारांत बंद केलेले होते. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर जखमी कामगाराला आणणारे जहाज आदळून आग लागली. बावीस जण दगावले, साडेतीनशेहून अधिक वाचले. शहर पाण्यात, समुद्र खवळलेला. जुहूचा तळ ज्या दिवसासाठी बांधला होता तो नेमका हाच दिवस, आणि हवामानाने त्याच दिवशी सगळ्यांचे हात बांधले. नंतर इर्ल्याला पाणी उपसण्याचे केंद्र उभे राहिले, त्याचा फायदा विमानतळालाही होतो.

शहराशी विमानतळाचे नाते आता अवघडलेले आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आकाशात जो निमुळता पट्टा मोकळा ठेवावा लागतो त्याला इथले रहिवासी 'फनेल झोन' म्हणतात, आणि पार्ले-सांताक्रूझ-जुहूच्या सोसायट्यांमध्ये हा शब्द पागडी आणि एफएसआय यांच्या बरोबरीने उच्चारला जातो. त्यात येणाऱ्या जुन्या इमारतींना उंची वाढवता येत नाही, म्हणून पुनर्विकासक येत नाही, म्हणून छत गळते. विमानतळ हलवा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे दुखणे खरे आहे. पण २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले छोटे विमान पावसाच्या दिवशी घाटकोपरच्या सर्वोदयनगरात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ कोसळले आणि पाच जण गेले, त्यांतला एक रस्त्याने चालणारा. विमानाभोवतीची मोकळी जागा ही वैमानिकाची चैन नाही, एवढे त्या दुपारी सगळ्या उपनगराला कळले. उलट दिशेचा प्रस्तावही येऊन गेला : २०१० च्या सुमारास ०८/२६ समुद्रात लांबवायची, जुहू तारा रस्ता खालून न्यायचा, म्हणजे छोटी प्रवासी विमाने येतील. समुद्राशी झुंज घेऊन लांबी कमवायची ही कल्पना या जागेच्या इतिहासाला धरून नव्हती, आणि ती पुढे सरकलीही नाही.

वर्धापनदिनांची गोष्ट थोडक्यात. १९६२ मध्ये तीस वर्षे पूर्ण झाल्यावर आणि १९८२ मध्ये पन्नास झाल्यावर, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जे.आर.डीं.नी लेपर्ड मॉथ घेऊन कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला. २०२१ मध्ये त्याच तारखेला, १५ ऑक्टोबरला, मुंबईची वैमानिक आरोही पंडित भुजहून निघाली आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरली. कराची आता शक्य नव्हते. भुजची ती धावपट्टी १९७१ च्या युद्धात माधापरच्या बायकांनी बॉम्बहल्ल्यानंतर दुरुस्त केलेली. आरोही बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली, आणि तिने २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडलेला. तिच्यासाठी हा टप्पा लहान होता. पण जुहूला उतरताना समोर तीच साडेअकराशे मीटर आणि तोच ऑक्टोबरचा वारा.

क्लब अजून जुहूलाच आहे. वर्ग भरतात, विमानशास्त्राची पदवी मिळते, हवामानशास्त्राच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर काढले जातात. उड्डाणाचे बरेचसे प्रशिक्षण मात्र आता धुळ्याला होते. सांताक्रूझच्या गर्दीखाली शिकाऊ विद्यार्थ्याला सर्किट मारायला आकाश उरलेले नाही, म्हणून क्लबने खानदेशात गोंदूरच्या धावपट्टीवर तळ केला. पावसाळ्यात पुण्याला जाणाऱ्या टाटांप्रमाणे क्लबनेही सह्याद्रीच्या पलीकडची कोरडी बाजू धरली, फक्त परत येण्याची तारीख यात नाही. तिथले हवामान वेगळे : भरती नाही, चिखल नाही, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन इतकी तापते की वर चढणारी हवा छोट्या विमानाला झोके देते आणि धावपट्टीच्या कडेने वावटळी फिरतात. म्हणून शिकाऊ मुले-मुली सूर्य उगवायच्या आत मैदानावर हजर असतात आणि दहा-अकरापर्यंत विमाने परत हँगरमध्ये जातात.